लिफ्ट थोडी, टायर मोठे: काळ्या रानात जाणाऱ्या एसयूव्हीसाठी तीन पर्यायांची तुलना

परभणी, हिंगोली किंवा लातूरकडच्या काळ्या शिवारात ज्याने पावसाळ्यात मोटारसायकल घातली आहे, त्याला हा अनुभव नवा नाही. चाकाला चिकटलेली माती मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचेच थांबते. मग काडीने माती उकरायची, चार पावले गाडी ढकलायची आणि पुन्हा उकरायची. म्हणूनच अनेक जण पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढून ठेवतात. एसयूव्हीला मोठे ऑफ-रोड टायर घेण्याचा विचार करणाऱ्याने हे चित्र आधी डोळ्यांसमोर आणावे, कारण मोठा टायर बसवताना चाक आणि मडगार्ड यांमधली जी मोकळी जागा आपण खर्च करतो, तीच जागा आपल्या मातीला सर्वांत जास्त लागते.

तुलनेसाठी २३५/६५ आर १७ हे माप धरतो, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १७ इंचांची. स्कॉर्पिओ क्लासिकला कंपनीकडून हेच माप येते आणि ही गाडी आपल्याकडे गावोगावी दिसते. या टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर असतो. पहिला पर्याय म्हणजे लिफ्ट (सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी उंच करणे) अजिबात न करता याच मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हींसाठीचे टायर घेणे. दुसरा पर्याय २५५/६५ आर १७ ऑल-टेरेन आणि साधारण २५ मिलिमीटर लिफ्ट असा आहे. येथे व्यास ७६३ मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो. तिसरा पर्याय २६५/७० आर १७ मड-टेरेन (मुख्यतः चिखलासाठीचे टायर) आणि ४० मिलिमीटरच्या आसपास लिफ्ट असा असून त्यात व्यास ८०३ मिलिमीटरपर्यंत जातो आणि वाढ जवळजवळ नऊ टक्के होते. आकडे कागदावर किरकोळ दिसतात, पण व्यासातली निम्मीच वाढ गाडीच्या खाली मिळते. दुसऱ्या पर्यायात एक्सल (चाके जोडणारा आस) १३ मिलिमीटरने वर जातो आणि तिसऱ्यात सुमारे ३३ मिलिमीटरने.

येथेच लिफ्टबद्दलचा एक मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्प्रिंगखाली किंवा स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकला की बॉडी आणि चेसिस वर जाते, परंतु मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) होता तेथेच राहतो. त्याला उंची फक्त टायरमुळे मिळते. पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये उरलेल्या उंचवट्यावर गाडी टेकते तेव्हा बहुतेक वेळा आधी हाच गोळा टेकतो. दुसरी गोष्ट अशी की उभ्या गाडीत चाकाभोवती वाढलेली मोकळी जागा खड्ड्यात चाक पूर्ण वर दाबले गेल्यावर शिल्लक राहत नाही, कारण चाक किती वर जाणार हे बंप-स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा ठोकळा) ठरवतो, स्पेसर नव्हे. त्यामुळे मोठे टायर घासू नयेत म्हणून थोडी लिफ्ट करून घ्यावी, हा सल्ला अर्धाच खरा आहे. सपाट रस्त्यावर वळताना ती उपयोगी पडते. परंतु एक चाक खड्ड्यात आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेले, अशा अवस्थेत टायर पूर्वी जेथे घासत होता तेथेच घासतो.

आमच्या घरच्या गाडीला तिसरा पर्याय बसवला होता, तेव्हा गॅरेजच्या कोरड्या फरशीवर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही काही घासले नाही आणि आम्ही समाधानाने पैसे दिले. पहिल्या मोठ्या पावसानंतर सोयाबीनच्या रानाकडे गेलो, तर अर्ध्या किलोमीटरच्या आत पुढच्या उजव्या चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर मातीने भरून फाटले आणि त्याचा तुकडा टायरमध्ये ओढला गेला. टायरमध्ये खोट नव्हती. मड-टेरेनच्या रुंद खाचा माती बाहेर फेकतात आणि तेच त्यांचे काम आहे. परंतु फेकलेली माती मडगार्डच्या आतच जाते आणि तेथे जागा नसेल तर ती थरावर थर साचत जाते. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. म्हणून तिसऱ्या पर्यायाची पकड सर्वांत चांगली असली, तरी ती पकड वापरण्यासाठी लागणारी जागा याच पर्यायात सर्वांत कमी उरते. कोरड्या गाडीत टायर आणि अस्तर यांमध्ये चार बोटे जात नसतील, तर काळ्या रानासाठी ते माप मोठेच समजावे, असे माझे मत आहे.

ऑल-टेरेनच्या खाचा अशा मातीत काही मीटरमध्ये भरतात आणि टायर गुळगुळीत होतो, हेही तितकेच खरे. मात्र त्यावर उपाय आहे. रानात उतरण्यापूर्वी हवा २० ते २२ पीएसआयपर्यंत कमी केली, तर टायर जमिनीवर लांब पसरतो आणि कमी रुततो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे, कारण चाळिशीपार गेलेल्या उन्हात कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. बाराशे-पंधराशे रुपयांच्या लहान कंप्रेसरने होणारे हे काम अनेकदा मोठ्या टायरइतकाच फायदा देऊन जाते. बालाघाटाच्या डोंगरांतले माळरान, मुरूम आणि बेसॉल्टची धारदार खडी हा वेगळा प्रश्न आहे. तेथे चिखलापेक्षा टायरची बाजू फाटण्याची भीती अधिक असते आणि उंच, जाड बाजूचा २६५/७० निश्चितच सरस ठरतो. ज्यांचे शेत किंवा नेहमीची वाट अशा माळावर आहे, त्यांच्यासाठी माझा वरचा आक्षेप बराच सौम्य होतो.

आता पक्क्या रस्त्याकडे वळू, कारण महिन्यातले बहुतेक किलोमीटर तेथेच पडतात. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, म्हणून स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. काट्यावरचा वेग आणि टायरचा बदल यांचे गणित केले, तर दुसऱ्या पर्यायात काटा १०० वर असताना वेग पूर्वीपेक्षा सुमारे साडेतीन किलोमीटरने जास्त असतो आणि तिसऱ्यात जवळजवळ नऊने. जालना आणि छत्रपती संभाजीनगरमधून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा काट्याकडे पाहून पाळणाऱ्याला हा फरक महागात पडू शकतो. तेथील काँक्रीटवर मड-टेरेनचा सततचा घुंघुं आवाज दोन तासांच्या प्रवासातही कंटाळवाणा होतो. टायरचे वजन वाढल्यामुळे ब्रेक, शॉकअप आणि स्टिअरिंगचे जॉइंट यांच्यावरचा ताण वाढतो. गिअर जणू लांबल्यासारखे होतात, त्यामुळे चिखलातून मागेपुढे करताना क्लच अधिक जळतो. लिफ्टमुळे पुढच्या चाकांचा कोन बदलतो, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी. फोर-बाय-फोर गाडीत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोनही वाढतो आणि त्याचे रबरी बूट लवकर फाटतात.

रिमकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. २५५/६५ आणि २६५/७० या दोन्ही टायरना किमान ७ इंच रुंदीची रिम लागते. रिमवर कोरलेला आकडा साडेसहा असेल, तर मूळ मापावर थांबावे किंवा रिमही बदलावी. नवी रिम घेताना बाहेर फार सरकलेली घेऊ नये, कारण वळताना तोच टायर बंपरच्या कोपऱ्याला लागतो. स्टेपनी पाचवी म्हणून त्याच मापाची हवी, विशेषतः फोर-बाय-फोरमध्ये, आणि गाडीच्या खाली लटकणाऱ्या जागेत ८०३ मिलिमीटरचा टायर बसेलच असे गृहीत धरू नये.

कायद्याची बाजूही टाळता येणार नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन कठोरपणे मांडले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या पर्यायात हा प्रश्न उद्भवत नाही. लिफ्ट असलेल्या दोन्ही पर्यायांत तो उद्भवतो आणि अपघातानंतर विमा कंपनीही तोच विचारू शकते, म्हणून आधी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करावी.

माझा कल स्पष्ट आहे. काळ्या रानात शेत, महिन्यातून चार-सहा वेळा पाणंद आणि बाकी महामार्ग, अशा वापराला पहिला पर्याय आणि कंप्रेसर पुरेसा आहे. वर्षभर माळरानावर किंवा धरणाच्या कडेच्या दगडगोट्यांत जाणाऱ्याने, आणि परवानगीचा मार्ग मोकळा असल्यास, दुसऱ्याचा विचार करावा; तेथे तिसऱ्याचा टायर सरस असला, तरी पक्क्या रस्त्यावरचे त्याचे तोटे जास्त आहेत. तिसरा पर्याय आम्ही सहा महिन्यांत उतरवला.

तरीही मोठे माप घ्यायचेच ठरले, तर पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडून फक्त पुढचे दोन टायर बसवून घ्यावेत, गाडी सावकाश नेऊन एक पुढचे चाक विटांच्या किंवा मुरमाच्या ढिगावर चढवावे आणि त्या अवस्थेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवावे. मग गाडी बंद करून, हँडब्रेक लावून, दोन्ही बाजूंना टायर आणि अस्तर यांमध्ये हात घालून किती बोटे जातात ते पाहावे, विशेषतः मागच्या बाजूला, जेथे मडगार्ड दरवाजाकडे वळते.