एक पेनड्राइव्ह, तीन मशिनं: आठ महिने वापरल्यानंतर

दादरच्या स्टुडिओत मॅक, डोंबिवलीला घरी विंडोज आणि दादाच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्स. माझं काम लग्नाचे अल्बम लावायचं, त्यामुळे १२८ जीबीचा पेन गेले आठ महिने या तिघांत फिरतोय.

आणल्याआणल्या पेनला एक्सफॅट फॉरमॅट मारला, म्हणजे फाइल्स मांडायची अशी पद्धत जी तिन्ही मशिनांना वाचता-लिहिता येते. विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट असता तर मॅकने फाइल्स नुसत्या दाखवल्या असत्या, लिहू दिलं नसतं. जुन्या फॅट३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही, आणि इथे नुसत्या हळदीचाच व्हिडिओ ९ जीबी!

विंडोज सगळ्यात सोशिक. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' ही मूळ सेटिंग आहे, म्हणजे डेटा मधेच मेमरीत साठवून न ठेवता थेट पेनवर लिहिला जातो. कॉपी संपली की उपटते आणि पळते, अजून तरी काही बिघडलेलं नाही. मॅकवर असं केलं की लगेच तक्रारीचा मेसेज.

रडवलं ते उबुंटूने. साडेसहा जीबीचं फोल्डर टाकलं, कॉपी किती झाली ते दाखवणारी पट्टी सरसर शेवटाला गेली. म्हटलं, जुना लॅपटॉप काय पळतोय! पेन काढला, कल्याण फास्ट पकडली. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बघते तर कित्येक फोटोंत वर नवरीची मुंडावळ, खाली नुसता करडा पट्टा. पट्टी संपली तेव्हा बरेच फोटो रॅममध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीतच होते, पेनवर पोचायचे होते. आता इजेक्ट दाबून बसून राहते. कधी चार-पाच मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो.

कचऱ्याचंही तिघांचं वेगळं. मॅकवर डिलीट केलं तरी पेन भरलेलाच, कारण फाइल्स पेनवरच लपलेल्या फोल्डरात जातात. ट्रॅश रिकामी करेपर्यंत जागा सुटत नाही. उबुंटूचंही तेच. विंडोज मात्र पेनवरचं थेट उडवतं, रिसायकल बिन मध्ये येतच नाही. एका साखरपुड्याचं अख्खं फोल्डर असंच गेलं. कॅमेऱ्याच्या कार्डवर कॉपी होती म्हणून वाचले.

आणि मॅकचं ते शेपूट! प्रत्येक फोटोमागे टिंब-अंडरस्कोरने सुरू होणारी एक चिमुकली फाइल. प्रिंटिंग लॅबवाल्याच्या मशिनवर हिडन फाइल्सही दिसतात, त्यामुळे त्याचा पहिला फोन ठरलेला: "ताई, तुम्ही ४१२ म्हणालात, इथे ८२४ आहेत, आणि त्यातले अर्धे उघडत नाहीत." हल्ली पेन देतानाच सांगते, केबीवाले सोडा, एमबीवाले छापा.