चारही क्रेडिट अहवाल काढले, चुका दुरुस्त करून घेतल्या: काही महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे 'सिबिल बघ' म्हटलं की माणूस फोनवर फक्त आकडा बघतो. ३०० ते ९०० मधला तो आकडा, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, साडेसातशेच्या वर असला की निर्धास्त. पण खरी माहिती त्याच्या खालच्या पानांवर असते. ठिबकसाठी कर्ज काढायचं होतं म्हणून मी माझा आणि नानांचा, म्हणजे वडिलांचा, पूर्ण अहवाल ओळ न् ओळ वाचला. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, घरी केळी आणि कापूस.

आधी पैशांचं सांगतो. कर्जांच्या नोंदी ठेवणारी सिबिल ही एकच संस्था नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल स्कोअरसकट फुकट मिळतो. संकेतस्थळावर पैशांच्या योजना दिसतात, त्या घ्यायची गरज नाही. स्वतःचा अहवाल स्वतः काढल्याने स्कोअरही घटत नाही. चारही काढाच, कारण नानांच्या बाबतीत चूक दोनच ठिकाणी होती.

चूक म्हणजे एक आख्खं ट्रॅक्टर कर्ज. कर्जदार तालुक्यातलाच, नानांच्याच नावाचा. नानांनी ओळ वाचली आणि लगेच म्हणाले, "हाई मन्हं कर्ज नई शे." आता आपल्या भागात एकाच नावाचे किती पाटील आणि किती चौधरी सापडतील! त्यात नानांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहायचे. नाव तेच, जन्मतारीख तीच, तालुका तोच, आणि त्या कर्जाच्या नोंदीत पॅन क्रमांकच नव्हता. घरात १ जूनवाला माणूस असेल तर त्याचा अहवाल सगळ्यात आधी काढा.

माझ्या अहवालात वेगळी भानगड. मोटारसायकलचं कर्ज केव्हाच फिटलं, फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, हातात, तरी खातं चालू आणि थोडी बाकी दाखवत होतं. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, त्यात थकलेल्या दिवसांचा आकडा येतो. हप्ता वेळेवर असेल तर ०००. माझ्या चौकोनांत ०३०, ०६०, ०९० असे चढत गेलेले आकडे होते. बँकेचा साहेब आधी हेच चौकोन बघतो.

ज्या संस्थेच्या अहवालात चूक आहे तिच्याकडे तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. खातं निवडायचं, कोणती नोंद चुकली ते सांगायचं, तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही संस्था स्वतःहून नोंद बदलत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि तिकडून होकार आला तरच दुरुस्ती होते. म्हणून त्याच दिवशी कर्ज देणाऱ्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही एनओसी आणि खातेउतारा जोडून मेल करा. शाखेत तोंडी सांगून काही होत नाही, पोच असलेला कागदच कामाला येतो.

नानांचं काम मुदतीत झालं. माझ्या वेळी फायनान्स कंपनी गप्प बसली. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याला माहिती पाठवायला असतात. मी हा नियम मेलमध्ये लिहिला आणि रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे जाईन असंही कळवलं. मग नोंद 'बंद' झाली, चौकोन दुरुस्त झाले आणि भरपाईही खात्यात आली. रक्कम मोठी नव्हती, पण तो आपला हक्क आहे, मागाच.

'सिबिल सुधारून मिळेल' अशा पाट्या लावणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट काढू शकता आणि खरी थकबाकी कुणाच्या बापाला काढता येत नाही. पॅन, आधार आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती देणं तर फार धोक्याचं.

सेवेबद्दल माझं मत: अहवाल मिळणं सोपं, तक्रार नोंदवणं सोपं, पाठपुरावा जिकिरीचा. सगळं इंग्रजीत, त्यामुळे नानांसारख्या शेतकऱ्याला एकट्याने हे जमणं कठीण. गावातल्या शिकल्या पोरांनी घरच्यांसाठी एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं. जामीनदार म्हणून सही केली असेल तर तेही कर्ज तुमच्या अहवालात दिसतं, तेही तपासा.

आता आईचा अहवाल काढायचा आहे. तिच्या नावावर मायक्रोफायनान्सचं गटकर्ज होतं. ते फिटलं, पण चारही ठिकाणी बंद दिसतं का, ते बघायचं आहे.