ओव्हरव्हेल्म की इनंडेट?

या दोन्ही इंग्रजी क्रियापदांत बुडणं आहे, पण बुडण्याची तऱ्हा निराळी. इनंडेट लॅटिनमधून आलं. त्यातल्या 'उंडा'चा अर्थ लाट. (सराउंड आणि अबंडंट हीसुद्धा त्याच लाटेची लेकरं, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.) ओव्हरव्हेल्म इंग्रजीत 14व्या शतकापासून आहे. नुसत्या व्हेल्मचाच अर्थ उलथणं, पालथं घालून झाकणं. ओव्हर जोडल्यावर तो आणखी ठसठशीत झाला.

इनंडेट व्हायला संख्या लागते: शेकडो ईमेल, तक्रारी, अर्ज. ओव्हरव्हेल्म व्हायला एकच गोष्ट पुरते. एखादी मृत्यूची बातमी, किंवा ध्यानीमनी नसताना मिळालेली माया. म्हणून 'दुःखाने इनंडेट झालो' हे कानाला खटकतं.

मराठीत इनंडेटसाठी 'पत्रांचा पाऊस पडला' म्हटलं की काम भागतं. ओव्हरव्हेल्मला मात्र आपण सरसकट 'भारावून जाणं' लिहितो, ते मला अजिबात पटत नाही. भारावणं सुखद असतं. कामाच्या ओझ्याने ओव्हरव्हेल्म झालेला माणूस भारावत नाही. तो गांगरतो, मेटाकुटीला येतो. आणि शत्रूने ओव्हरव्हेल्म केलेलं सैन्य नामोहरम होतं.