मसाज शिकायचाय : टेक्सास की कॅलिफोर्निया?

शिक्षणाचे तास दोन्हीकडे ५००च, त्यामुळे तासांवरून निवड होत नाही. शिकत असताना तुमचं नाव कुणाच्या दफ्तरी असतं, फरक तिथे आहे.

कॅलिफोर्नियात मसाजचा राज्य परवाना नाहीच. २००९पासून कॅमटीसी (कॅलिफोर्निया मसाज थेरपी कौन्सिल) ही ना-नफा संस्था प्रमाणपत्र देते, तेही ऐच्छिक. पण शहरागणिक नियम वेगळे असल्यामुळे काम करायचं म्हटलं की बहुतेक जण ते घेतातच. विद्यार्थ्याला मात्र राज्याकडून काहीच काढावं लागत नाही. फी भरा, वर्गात बसा. मला आधी हेच आवडलं होतं.

माझे १२० तास झाले आणि शाळेची कॅमटीसी मान्यता धोक्यात आहे अशी कुजबुज सुरू झाली. तास ग्राह्य धरायचे तर शाळा मान्यताप्राप्त हवी, शाळेच्या नुसत्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे तासांच्या-विषयांच्या दाखल्यावर, भागत नाही. ऑफिसात विचारलं, तर ‘बघू, कळवतो.’ घरी येऊन मी हजेरीचे कागद, फीच्या पावत्या, वह्यासुद्धा बुटांच्या खोक्यात भरून ठेवल्या. कुणाला दाखवायच्या ते माहीत नव्हतं. पुढे शाळेचं काय झालं ते कळायच्या आत मी बाहेर पडलो होतो.

टेक्सासमध्ये २०१७पासून हा कारभार टीडीएलआर या सरकारी खात्याकडे आहे. तिथे विद्यार्थ्यालाही परमिट लागतं. त्यावर तुमचं नाव, शाळेचं नाव, आणि ते शाळेत दिसेल असं लावायचं. पुढे मी तिथे शिकलो तेव्हा माझं टॉवेलांच्या कपाटाशेजारी होतं. अजून मालिश येत नाही आणि आधी परमिट, म्हणून वैतागलो होतो खरा. पण मी अमुक शाळेत शिकतोय हे खात्याला पहिल्यापासून माहीत होतं. खोक्याची गरज पडली नाही.

जाच आहेच. ५०० तासांची फोडसुद्धा नियमातच आहे : तंत्र आणि सिद्धांताचे २००, इंटर्नशिपचे ५०, अगदी हायड्रोथेरपीचेही (पाण्याने उपचार) २०. शिकताना मालिशचे पैसे घेता येत नाहीत. वर शेवटी एमब्लेक्स या परवाना परीक्षेचे १०० प्रश्न. अर्थात पुढे दुसऱ्या राज्यात जायचं झालं तर बहुतेक ठिकाणी तीच परीक्षा विचारतात, म्हणून ती दिलेली बरी.

टेक्सासात शाळा बंद पडत नाहीत असं नाही, आणि माझा अनुभव एकाच शाळेचा. तरी कुठेच नाव घातलं नसेल तर मी टेक्सासकडे बोट दाखवीन. बिऱ्हाड कॅलिफोर्नियातच असेल तर तिथेच शिका, फक्त कॅमटीसीची मान्य शाळांची यादी फी भरायच्या दिवशी बघा, आठवड्यापूर्वी पाहिलेली नको.