घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर लावायचाय: साधा घ्यावा की वायफायवाला? फर्मवेअरच्या (चार्जरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) बाजूने बघू

आधी एक भीती काढून टाकू. भिंतीवरचा एसी चार्जर म्हणजे खरं तर एक हुशार स्विच, एसीचं डीसी गाडीच्या आतच होतं आणि बॅटरी किती करंट घेणार हे गाडीचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) ठरवतं, त्यामुळे "हॅकर बॅटरी पेटवेल" वगैरे जे फिरतं ते सोडा. खरा त्रास वेगळाय: चार्जरमधून तुमचा वायफाय पासवर्ड काढणं, त्याच्यावरून घरातल्या बाकी डिव्हाइसपर्यंत पोचणं, किंवा एकाच कंपनीचे हजारो चार्जर एकदम चालू-बंद करून ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, झटका देणं. ब्रिटनमध्ये तर याच ग्रिडच्या काळजीने चार्जर सुरू होताना 10 मिनिटांपर्यंतचा रँडम उशीर नियमातच घातलाय.

साध्या चार्जरमध्येही फर्मवेअर असतंच, पण त्याला हात लावायला कुणालातरी भिंतीपाशी येऊन झाकण उघडावं लागतं. तोटा एवढाच की बग निघाला तर तो तसाच राहणार. रात्रीच्या स्वस्त विजेचं टायमिंग तर बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवरूनच लावता येतं, त्यासाठी चार्जर ऑनलाइन कशाला हवा?

वायफायवाल्यात दारं जास्त: ब्लूटूथ, अ‍ॅप, क्लाउड, अपडेट. जानेवारी 2024 मध्ये टोकियोला पोन-टू-ओन ऑटोमोटिव्ह ही हॅकिंगची स्पर्धा झाली, त्यात घरगुती चार्जर एकामागून एक फुटले. ऑटेलच्या मॅक्सीचार्जरमध्ये ब्लूटूथचं ऑथेंटिकेशन (ओळख तपासणं) चुकवून पुढे बफर ओव्हरफ्लोने (मेमरीत जागेपेक्षा जास्त डेटा कोंबून) आपला कोड चालवला, म्हणजे हल्लेखोर नुसता ब्लूटूथच्या रेंजमध्ये असला तरी पुरे. आणि ज्यूसबॉक्स 40 या दुसऱ्या घरगुती चार्जरचं काय झालं ते बघा, आतली गेको ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यानेच सपोर्ट बंद केलेली, म्हणजे पॅच येणारच नाही, वर त्याच वर्षी ज्यूसबॉक्सवाल्या एनेल एक्स वे कंपनीने उत्तर अमेरिकेतला धंदाच गुंडाळला. होल सापडणं एकवेळ चालतं हो, पण ते बुजवायला कुणी शिल्लकच नसणं, हे वाईट.

म्हणून वायफायवालाच हवा असेल (सोलर आहे, दोन गाड्यांत लोड वाटायचाय, बिल वेगळं काढायचंय, ही कारणं पटतात) तर फक्त कंपनीच्या क्लाउडवर चालणारा नको, ओसीपीपी (चार्जर आणि सर्व्हरमधली सगळ्यांसाठी खुली भाषा) बोलणारा बघा, कंपनी बुडाली तरी दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतो. पण नुसतं "ओसीपीपी 1.6" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. ते 2015 चं, त्यात टीएलएसशिवायही (म्हणजे एन्क्रिप्शनशिवायही) कनेक्शन चालतं आणि सही केलेलं फर्मवेअर तपासणं (ते खरंच कंपनीचंच आहे ना हे बघणं) नंतरच्या सिक्युरिटी एक्स्टेंशनमध्ये आलं, 2.0.1 या नंतरच्या आवृत्तीत मात्र ते मुळातच आहे. ओसीपीपीच्या सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत, त्यांना प्रोफाइल म्हणतात: 1 म्हणजे नुसता पासवर्ड, 2 मध्ये वर टीएलएस, 3 मध्ये चार्जर आणि सर्व्हर दोन्हीकडे सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र), घरासाठी 2 बास.

विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी विचारा: फर्मवेअरची सही चार्जर स्वतः तपासतो का आणि सिक्युरिटी अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार. "ऑटो अपडेट आहे ना सर" हे यातल्या एकाचंही उत्तर नाही. यापलीकडे काही मिळालं नाही तर मी साधाच घेईन.