शाळा चांगली आहे, पण साडेबाराला सुटते

शाळेचं आधी सांगते, कारण बिल्डिंगमधल्या बायका तेच आधी विचारतात. "सिस्टर, पालिकेच्या शाळेत घातलंत लेकीला? तुम्हाला काय कमी होतं?" कमी काही नव्हतं. माझा मुलुंडच्या हॉस्पिटलातला पगार आहे, नवऱ्याचा रबाळ्याच्या कंपनीतला आहे. राहायला भांडुप पश्चिमेला, चढावर. लेक आता दुसरीत आहे. शाळेला मी पाचपैकी चार देईन. उरलेला एक कुठे कापला ते सांगायलाच हे लिहितेय, आणि त्यात बाईंचा काडीचा दोष नाही.

पालिकेची शाळा ही काही आमची पहिली पसंती नव्हती, खोटं कशाला बोलू. एलबीएस मार्गावर कंपन्या गेल्या आणि टॉवर आले, टॉवरखाली "इंटरनॅशनल" शाळा आल्या. त्यातल्या एकीत आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेलो. मुलीपेक्षा आमचीच मुलाखत जास्त झाली. फीचा कागद पाहून नवरा जिना उतरेपर्यंत बोलला नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांत आम्ही बसत नाही. दुर्बल घटकासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं, आणि दोघांचे पगार धरले तर आम्ही त्या कागदावर श्रीमंत. त्यात लेकीचा जन्म २७ डिसेंबरचा. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण हवेत, म्हणजे चार दिवसांनी ती बसली आणि वर्गातली सगळ्यात लहान ठरली. एक वर्ष थांबवावं असं सासूबाईंचं मत होतं. थांबवून ठेवायची कुठे, हा माझा प्रश्न होता.

२०२४ च्या जूनमध्ये पालिकेच्या शाळेत नाव घातलं. पैसे शून्य. गणवेश, दप्तर, वह्या, बूट धरून सत्तावीस वस्तू पालिका देते, हे ऐकून होते, हातात घेतल्या तेव्हा पटलं. इमारत चार मजली. खाली मराठी माध्यम, वरच्या दोन मजल्यांवर इंग्रजी, आणि साडेबारानंतर त्याच बाकांवर हिंदी माध्यमाची मुलं. मुंबईत पालिका आठ माध्यमांत शिकवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. एवढी माध्यमं आणि मोजक्या इमारती म्हटल्यावर पाळी लावण्यावाचून गत्यंतर नाही.

आम्ही मराठी घेतलं, सेमी इंग्रजी. माझा हट्ट. वर्गात पहिल्या दिवशी गेले आणि पट बघितला, एकोणीस नावं. बाईंशी ओळख झाल्यावर मी हळूहळू घरं मोजली (नर्सिंगवाल्यांना सर्व्हेची सवय असते). मराठी बोलणारी घरं सात. कलबुर्गी आणि यादगीरकडून बांधकामावर आलेल्यांची चार मुलं, घरात कन्नड. नेपाळी वॉचमनची तीन. गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी तीन. जौनपूरकडची दोन. म्हणजे मराठी शाळेच्या मराठी वर्गात बारा जणांच्या घरी मराठी नाही, आणि आमच्या चाळीतल्या संगमेश्वर-चिपळूणच्या घरांतली झाडून सगळी पोरं वरच्या मजल्यावर इंग्रजीत. तिथं जागा मिळायला खटपट करावी लागते. पालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या तेव्हा तर अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. खाली मराठीच्या वर्गात मात्र कधीही या, बाक रिकामं असतं.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयांवरून केवढं रान पेटलं होतं, जूनच्या शेवटी सरकारने ते निर्णय मागे घेतले. आमच्या वर्गात त्या वेळी काय चाललं होतं सांगू? बाईंनी फळ्याशेजारी एक तक्ता लावला होता. मधे आईचं चित्र आणि भोवती मुलांनी सांगितलेले शब्द: आई, अव्वा, आमा, याडी, माई. माझी लेक महिनाभर मला याडी म्हणत होती. हे टॉवरखालच्या शाळेत लाखभर देऊन मिळालं नसतं.

पट टिकत नाही, हे मात्र खरं. साइट संपली की घर हलतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर कन्नड बोलणाऱ्यांपैकी दोघं आलेच नाहीत, दाखलाही कुणी मागितला नाही. एक मुलगा जून-जुलै आमच्या वर्गात बसला आणि ऑगस्टमध्ये आरटीईतून खासगी शाळेत गेला. त्या वर्षी, म्हणजे २०२४ ला, सरकारने फेब्रुवारीत नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली होती, उच्च न्यायालयाने १९ जुलैला तो बदल रद्द केला, तोवर प्रवेश लटकलेले. लेक अजून त्याच्याबद्दल विचारते. त्याची पट्टी तिच्याकडे राहिली आहे.

बाई उत्तम. पालकसभेला मी ड्यूटीवरून थेट गेले तर म्हणाल्या, "तुम्ही आलात हेच पुष्कळ आहे, बसा, आधी पाणी घ्या." वाचन येतंय, पाढे येतायत, हस्ताक्षर माझ्यापेक्षा बरं. खिचडी मी स्वतः खाऊन पाहिली आहे, मीठ कमी, बाकी ठीक.

आता साडेबाराचं. शाळा सातला भरते, साडेबाराला सुटते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यपालांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारीत परिपत्रक निघालं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी नकोत. मुलांची झोप व्हावी हे मलाही कळतं. पण माझी मॉर्निंग आठला लागते. नऊची शाळा झाली असती तर लेकीला सातपासून नऊपर्यंत ठेवायचं कुणाकडे? आमच्या इमारतीत दुपारची पाळी असल्याने वेळ बदलली नाही, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. एका आईने असं करावं, हे लिहितानाही कसंतरी वाटतं.

कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं ठरलंय. माझी ड्यूटी आठवड्याला ४८ तास. ८०० तास म्हणजे माझे जेमतेम सतरा आठवडे. वर्षाचे बाकीचे पस्तीस आठवडे मूल कुठे असतं, ते कुठल्याच परिपत्रकात नसतं. बहुधा गृहीत धरलेलं असतं की घरी आजी आहे. आमची आजी संगमेश्वरला, गुडघ्याने अधू.

म्हणून खरा रिव्ह्यू पाळणाघरांचा आहे. मी तीन प्रकार पाहिले.

पहिलं माझ्याच कामाच्या ठिकाणचं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त माणसं कामावर असतील तिथं पाळणाघराची सोय करायची आहे, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. आमच्याकडे जिन्याखाली एक खोली आहे, दारावर फुलपाखरू रंगवलंय. आत सलाइनचे खोके. किल्ली स्टोअरवाल्याकडे. मी विचारलं तर एचआरची मुलगी म्हणाली, "मॅडम, डिमांडच नाहीये." तारे देण्याइतकंही तिथं काही नाही.

दुसरं, लेक चार वर्षांची असतानाचं, एसीवालं. महिन्याला अकरा हजार. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण झाल्याचं ते सीसीटीव्हीचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे मी पण "कॅमेरा आहे ना?" एवढंच विचारून पैसे भरले. कॅमेरे होते, अ‍ॅप होतं, रोज चार फोटो यायचे. सात महिन्यांत चार दीदी बदलल्या. एकदा दुपारी फोटो आला, लेक कागदाचं फूल धरून हसतेय. संध्याकाळी घरी आणलं तर चड्डी ओली होऊन अंगावरच वाळलेली, मांड्या लाल. फोटो कमरेच्या वरचा होता. साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये दंड, तो मात्र न चुकता लागायचा. एक तारा, तोही एसीचा.

तिसरं काकूंचं. गाढव नाक्यापासून आत, चाळीतली एक खोली आणि पोटमाळा, अकरा मुलं, महिना साडेतीन हजार, डबा आपला. कॅमेरा नाही. साडेबाराला काकू स्वतः शाळेच्या गेटवर उभ्या. जुन्या नऊवारीचा एक लांब पट्टा फाडून ठेवलाय, सहा मुलं तो धरून आगगाडीसारखी रस्ता ओलांडतात. गाडीचा डबा सोडला की त्या दिवशी इंजीन व्हायला मिळत नाही. हात धुतल्याशिवाय डबा उघडत नाहीत. माझी इव्हिनिंग असली की लेक पावणेनऊपर्यंत तिथंच, त्यांच्या नातवाबरोबर वरणभात खाऊन. जादा तासाचे पन्नास रुपये ठरलेत, पण निम्म्या वेळा घेतच नाहीत, आणि मग मला ओशाळं होतं. मी ते लाडवांनी फेडते.

तक्रारी आहेत. दुपारी टीव्हीवर सासवा-सुनांची भांडणं चालू असतात, लेक कुठूनसं "माझा विश्वासघात झालाय" शिकून आलीय. गौरी-गणपतीला आठ दिवस बंद आणि मे महिना पूर्ण बंद, काकू गावी. त्याच वेळी आमच्या वॉर्डमध्ये सगळ्याच कोकणवाल्या सिस्टरांना रजा हवी असते. पोटमाळ्याचा जिना मला कधीच आवडला नाही. तरी साडेचार तारे.

वर्गातल्या सगळ्यांना साडेतीन हजारांच्या काकू परवडत नाहीत. वर्गातल्या एका मुलाची बहीण पाचवीत आहे. आई सकाळी सातलाच टॉवरमध्ये धुणीभांड्याला जाते, धाकटा दीड वर्षाचा. आठवड्यातून दोन-तीनदा ताईची गैरहजेरी लागते. एकदा मी लवकर पोचले तर बाळ वर्गातच कोपऱ्यात चटईवर झोपलेलं, आणि ताई बाकावर भागाकार करत होती. बाईंनी माझ्याकडे बघून फक्त बोट ओठांवर ठेवलं.

मला त्या क्षणी कोसबाड आठवलं. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, असताना डहाणूत कम्युनिटी पोस्टिंग होतं, तेव्हा ती टेकडी पाहिली होती. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढलं, पुढे बोर्डी, मग १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम. वारली पाड्यांवर मोठी बहीण शाळेत येत नव्हती कारण कडेवर धाकटं होतं, म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. पोस्टिंगच्या जर्नलमध्ये मी हे दोन ओळींत लिहून मोकळी झाले होते, लक्ष सगळं परतीच्या गाडीकडे. आमच्या शाळेत तळमजल्यावर एक मोठी खोली आहे, जुनी बाकं भरलेली. मी पालकसभेत तेवढंच म्हटलं. मुख्याध्यापकांनी वहीत लिहून घेतलं, बघू.

आणि आता घाईचं. काकूंची चाळ पुनर्विकासात गेलीय, दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायचीय, त्या मुलाकडे बदलापूरला निघाल्यात. नऊवारीचा पट्टा मी आत्ताच मागून ठेवलाय. गाढव नाका ते मंगतराम पेट्रोल पंप या पट्ट्यात साडेबाराला गेटवरून मूल आणणारं, संध्याकाळी पावणेनऊपर्यंत सांभाळणारं कुणी माहीत असेल तर सांगा. कॅमेरा नसला तरी चालेल. पोटमाळा नको.