'समथिंग विकेड धिस वे कम्स': जत्रा झकास, उतारा मात्र लटका

पुस्तक वाचून बरेच महिने झाले. वाचल्या वाचल्या लिहिलं असतं तर साडेचार तारे देऊन मोकळी झाले असते. मधल्या काळात ते अधूनमधून चाळत राहिले, ऑडिओबुक ऐकलं, आणि आता साडेतीनच्या वर हात जात नाही. पुढे कथानक फोडणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

रे ब्रॅडबरीची ही कादंबरी १९६२ची. अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं ग्रीन टाउन नावाचं छोटं गाव, हॅलोवीन आठवड्यावर आलेलं. विल आणि जिम ही शेजारशेजारची पोरं. एक मध्यरात्रीच्या मिनिटभर आधी जन्मलेला, दुसरा मिनिटभर नंतर. आता दोघं चौदाला टेकलेत. पहाटे तीनला आगगाडी येते आणि गावाबाहेरच्या माळावर कूगर आणि डार्क यांचा खेळ उभा राहतो. सर्कस म्हणून वाचायला घेणार असाल तर आधीच सांगते, इथे हत्ती-वाघ नाहीत, झोपाळ्यावरच्या कसरतीही नाहीत. हा प्रकार आपल्या जत्रेच्या जवळचा: आरसेमहाल, भविष्य सांगणारी चेटकीण, अंगभर गोंदलेला मालक डार्क आणि लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड.

या मेरी-गो-राउंडवर सगळं पुस्तक उभं आहे. सुलटं फिरलं की फेरीगणिक एक वर्ष वय वाढतं, उलटं फिरलं की तेवढंच घटतं. कूगर त्यावर बसतो, शोपँ या संगीतकाराचं शवयात्रेचं संगीत उलटं वाजायला लागतं, आणि खाली उतरतो तो बारा वर्षांचा पोरगा. मग तो मिस फॉली या शाळेतल्या बाईंच्या घरी भाचा म्हणून जाऊन राहतो. चेहरा कोवळा, डोळे मात्र जुने. वर हा खेळ कुणाला ओढून नेत नाही. जिमला लवकर मोठं व्हायचंय, मिस फॉलींना परत लहान व्हायचंय, दोघंही आपल्या पायांनी तिकडे जातात. भुताखेतांच्या गोष्टींत इतकं खरं क्वचित सापडतं.

एक प्रसंग तर मी कितीही वेळा वाचेन. डार्क गावात पोरांना शोधत हिंडतोय, आणि पोरं रस्त्यावरच्या लोखंडी जाळीखाली लपलीत. नेमका त्याच जाळीवर विलचा बाप उभा, सिगार ओढत. डार्क त्याला तळहात दाखवतो, तर त्यावर दोन्ही पोरांचे चेहरे गोंदलेले! ही पोरं कोण? बाप शांतपणे भलतीच नावं सांगतो. तेवढ्यात आंधळी चेटकीण हुंगत हुंगत जवळ येते आणि बाप तिच्या तोंडावर सिगारचा धूर सोडतो. ती खोकून बेजार. जादू नाही, मंत्र नाही, एका साध्या माणसाची हुशारी. असं अजून चार-पाच जागी असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

पण भाषा! पहिली पन्नासेक पानं मी तोंडात बोट घालून वाचली, नंतर मात्र दमले. साधं पान गळालं तरी त्याला तीन उपमा. पोरं धावली की वाराही धावणार, गवतही धावणार, आणि वाक्य अर्ध्या पानावर जाऊन थांबणार. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसेल तर ही पहिली म्हणून घेऊ नका. कानाने ऐकताना तोच मजकूर बराच सुसह्य वाटतो, कारण त्यातली लय मुळात बोलण्याची आहे.

माझं खरं भांडण विलच्या बापाशी आहे, म्हणजे पर्यायाने लेखकाशी. चार्ल्स हॅलोवे, वय चोपन्न, गावच्या वाचनालयात झाडलोट करणारा. माणूस गोड आहे. पण पहाटे तीन ही कशी जीवघेणी वेळ यावर तो मनाशी लांबलचक चिंतन करतो आणि त्यात सांगतो, की बायका त्या वेळी जाग्या नसतात, लेकरांसारख्या गाढ झोपलेल्या असतात. अहो, पन्नाशीतल्या कुठल्याही बाईला विचारा! पंखा पाचवर ठेवून छताकडे बघत पडलेल्या आम्ही काय हवा खायला जागतो?

आणि मग मिस फॉली. आरशात तिला स्वतःचंच लहानपण बुडताना दिसतं, ती त्याच्यामागे जाते आणि चिमुरडी होते. पोरांना ती झाडाखाली रडताना सापडते. तिला कोणी ओळखणार नाही, तिचं म्हणणं कोणी खरं मानणार नाही. इतकी भयंकर शिक्षा पुस्तकात दुसऱ्या कुणाला झालेली नाही. तेवढ्यात खेळाची मिरवणूक येते, पोरं पळतात आणि लेखक तिला जवळजवळ विसरून जातो. म्हातारपणाच्या भीतीतून बापाला वाट काढून द्यायला पानंच्या पानं, या बाईच्या वाट्याला एक झाड. वाचताना हे मला एवढं लागलं नव्हतं. आता पुस्तक आठवलं की आधी हीच आठवते.

शेवटाबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. सैतानी खेळावर उतारा काय, तर हसणं. आरसेमहालात बाप स्वतःच्या थकलेल्या चेहऱ्याला हसतो आणि आरसे फुटतात, ते पटलं. चेटकीण बंदुकीच्या गोळीवर कोरलेल्या हसऱ्या खुणेने मरते, तेही चालवून घेतलं. पण निपचित पडलेल्या जिमभोवती बापलेकांनी नाचायचं, गायचं आणि तो उठून बसायचा, म्हणजे मांडलेल्या भीतीची फारच स्वस्तात बोळवण. त्यातल्या त्यात डार्कचा शेवट ताकदीचा: लहान मुलगा झालेल्या त्याला बाप छातीशी घट्ट धरतो आणि ती माया सोसवत नाही म्हणून तो मरतो. तिथे माझ्या अंगावर काटा आला होता.

घ्यायचं की नाही? ऑडिओ मिळत असेल तर जरूर. छापील प्रत आधी वाचनालयातून आणून बघा. प्रकरणं छोटी आहेत, सुरुवातीच्या दहात अंदाज येतो. तेरा-चौदाच्या मुलांना द्यायलाही हरकत नाही. बापाची वाचनालयातली भाषणं ती बहुधा गाळूनच वाचतील, आणि त्यांचं फारसं काही बिघडणार नाही.